एक घंटी

माहीमच्या स्टॉपवर मी तीन दिवस बसतोय,
रोज साडेपाच ते सात.
समोर दुसऱ्या मजल्यावर पाटी :
डॉ. ल्युसी मिस्किटा, दंतवैद्य.
पाटीवरची दाढ हसते.
दाढेलाच दात, ही कुणाची अक्कल?

बस येतात, जातात.
नवा पोरगा दारातून विचारतो, काका, येणार?
मी म्हणतो, पुढची.
एकतीस वर्षं ज्यांनी ज्यांनी मला ‘पुढची’ म्हटलं
ते कुठल्या कुठल्या पाटीसमोर बसले होते,
आत्ता कळतंय.

घरी सांगितलंय, डॉक्टरबाई गावाला गेल्यात.
हिला खरं वाटत नाही.
भाकरी दुधात कुस्करून पुढे सरकवते,
शेजारी लवंगेच्या तेलाची बाटली,
ठेवताना आवाज जरा जास्तच करते.
उजवी बाजू चार महिने संपावर.
डावी एकटी डबल ड्यूटी ओढतेय.

भीती जुनी आहे, या दाढेहून जुनी.
नायगावची म्युनिसिपल शाळा, तिसरी ब.
शिबिराचा डॉक्टर, स्टीलचा ट्रे,
गुरवबाईंनी मागून धरलेलं डोकं,
त्यांच्या पदराला खडूचा वास.
मी थांबा म्हणालो.
तोंडात कुणाची दोन बोटं असताना थांबा म्हटलं
की त्याचं नुसतं आंआं होतं.
वर्ग हसला. दात निघाला.
किती दुखलं ते विसरलो.
आंआं नाही विसरलो.

चौथ्या दिवशी एकही कारण शिल्लक नव्हतं.
जिना चढलो. सव्वीस पायऱ्या.
मध्ये एकदा खाली उतरलो, चपलेचा अंगठा तुटला का बघायला.
तुटला नव्हता.

खुर्ची आपोआप मागे जाते
तेव्हा वर धरायला दांडा नसतो.
चालत्या गाडीत हात सोडून उभा राहिलेला माणूस
बंद खोलीत, जागच्या जागी,
पडायला घाबरला.

बाईंनी मास्क खाली ओढला.
घाडीगावकर, दुखलं की डावा हात वर करा. मी थांबते.
खरंच थांबता?
करून बघा.

मशीन सुरू झालं.
तो आवाज कानात येत नाही, कवटीतच उगवतो.
दुखत नव्हतं. गाल केव्हाच परका झालेला.
तरी हात वर केला.

मशीन थांबलं.
का, ते विचारलं नाही.
खाली रस्त्यावर कुणीतरी शहाळं फोडत होतं,
तेवढं ऐकू आलं.

मुलाणी ड्रायव्हर आठवला.
अकरा वर्षं तो पुढे, मी मागे, मध्ये दोरी.
एक घंटी, थांब. दोन घंट्या, चल.
त्याने कधी मान वळवून विचारलं नाही
कोण उतरतंय, का उतरतंय,
इथे स्टॉप तरी आहे का.
अण्णा गेल्याचा निरोप डेपोत मिळाला
आणि ड्यूटी मधेच सोडता येईना, त्या दुपारी
हाजीअलीजवळ मी एक घंटी दिली.
त्याने गाडी कडेला घेतली.
पॅसेंजर ओरडले.
मी समुद्राकडे बघितलं, नाक पुसलं.
दोन घंट्या.

मी हात खाली घेतला,
आणि खुर्चीच्या दांडीवर बोटाने
टक टक.
बाईंना ते कळायचं काही कारण नव्हतं.
कळलं.

सात वेळा हात वर केला.
दोनदा खरं दुखलं म्हणून.
आयुष्यभर लोकांच्या तिकिटांना भोकं पाडली,
आपलं बुजवून घ्यायला एवढा उशीर.

परतीच्या बसमध्ये तोच पोरगा. कुठे, काका?
वडाळा म्हणालो, बाहेर आलं ववावा.
पोरगा हसला.
मीही हसलो, जेवढं तोंड माझं होतं तेवढ्याने.

भीती गेली वगैरे काही नाही.
खिशात कार्ड आहे : बुधवार, साडेपाच.
साडेपाचला मी नक्की असेन.
स्टॉपवर तरी.